हान काळातली थडग्यातली चूल, खानापूरच्या मातीत

चीनमध्ये हान राजवटीत (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) माणसाला पुरताना त्याच्यासोबत मातीचा अख्खा संसार दिला जायचा. चूल, विहीर, धान्याची कणगी, डुकरांचं खुराडं, कुत्रा, कोंबड्या, नोकरचाकर, सगळं काही. या वस्तू थडग्यासाठीच घडवलेल्या असत. आकार लहान, वापर शून्य. चिनी लोक त्यांना मिंगछी म्हणतात. आपल्याकडे बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात सातवाहनकालीन वस्ती सापडली, तीही साधारण याच काळातली.

यातली एक चूल घरी किंवा स्टुडिओत कशी करायची ते इथे सविस्तर दिलं आहे. मूळ चुलींवर असते तशी हिरवी झिलई (ग्लेझ) हवी असेल तर विजेची भट्टी लागेल. कुंभाराच्या आव्यावरच काम भागवायचं असेल तर झिलईऐवजी रंगकाम करावं. तोही अस्सल मार्गच आहे, कारण हान काळातल्या कितीतरी वस्तू भाजून झाल्यावर नुसत्या रंगवलेल्या आहेत.

बहुतेकांना आधी तांग या नंतरच्या चिनी राजवटीतला तिरंगी घोडा करावासा वाटतो. पहिलं काम म्हणून तो करू नका. पोकळ, जड धड चार बारीक पायांवर पेलायचं असतं. पाय आधी सुकतात, धड ओलं राहतं आणि पाय सांध्यातून तडकतात. चुलीला पाय नसतात, बूडही नसतं. हान काळातल्या बऱ्याच चुली खालून उघड्याच आहेत. भिंती, एक झाकणासारखा वरचा पत्रा (म्हणजे मातीचाच लाटलेला सपाट तुकडा) आणि त्यावर साच्यातली नक्षी, एवढाच तिचा कारभार. मिंगछी हे कारखान्यातलं काम होतं. साचे वापरायचे, भिंती पातळ आणि सारख्या ठेवायच्या आणि संख्येने काढायच्या. त्यामुळे इथे शिल्पकाराचा हात लागत नाही. लागते ती सारखी जाडी आणि सुकवतानाचा धीर.

"थडग्यातली वस्तू घरात ठेवायची?" असं कुणी ना कुणी विचारणारच. आपण करतोय ती चूल नवी कोरी असते, ती अजून कुणाबरोबर गेलेली नाही.

माती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली कौलांची आणि विटांची लाल माती या कामाला उत्तम. ती चिकट असते, भाजल्यावर छान लाल होते आणि १००० अंश सेल्सिअसपर्यंत आकार सोडत नाही. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडची काळी माती घेऊ नका. ती पाणी प्यायली की फुगते, सुकताना तितकीच आकसते आणि हाताएवढ्या तुकड्यालाही भेगा पडतात. शिवाय तिच्यात चुनखडे असतात. चुनखडा भट्टीत भाजला की त्याची कळी होते. पुढे हवेतला ओलावा ओढून ती फुगते आणि भांड्याचा टवका उडवते. हे भट्टीतून काढल्यावर लगेच दिसत नाही, आठ-पंधरा दिवसांनी दिसतं. म्हणून लाल मातीही तपासून घ्यावी. कोरड्या ढेकळावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे येतात का बघायचं. आले तर ती माती सोडून द्या.

एका चुलीला भिंती आणि वरचा पत्रा मिळून पावणेदोन किलोच्या आसपास ओली माती लागते. कातरण, नक्षी आणि वरची भांडी धरून चार किलो तयार ठेवा. कृती अशी: वाळलेली माती फोडून दोन दिवस भरपूर पाण्यात भिजत घालायची, ढवळायची आणि ६० नंबरच्या जाळीतून गाळायची. वर आलेलं निवळ पाणी दोनदा ओतून टाकायचं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारं असेल तर हे पाणी बदलणं टाळू नका, नाहीतर भाजल्यावर पृष्ठभागावर पांढरी खार फुटते आणि ग्लेझखाली ती ढगाळ डागासारखी दिसते.

गाळलेल्या मातीत भाजलेल्या कौलांची भुकटी घाला. फुटकी मंगळुरी कौलं प्रत्येक जुन्या घराच्या मागे पडलेली असतात. ती कुटून ३० नंबरच्या जाळीतून जाणारी आणि ८० नंबरवर राहणारी भुकटी घ्यायची. कोरड्या वजनाने ८० भाग माती आणि २० भाग भुकटी. ही भुकटी एकदा भाजून झालेली असल्याने पुन्हा आकसत नाही. ती मातीचं आकसणं कमी करते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट देते. नुसती वाळू घातली तर काम चालतं, पण ५७३ अंशांना वाळूतला क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतो आणि भट्टी घाईने तापवली किंवा थंड केली तर बारीक तडे जातात. म्हणून वाळूपेक्षा कौल बरं. मळून झालेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन आठवडे मुरू द्या.

आकसण्याचा हिशेब आधी करा. १२ सेंमी लांब पट्टी काढून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ मारा, सुकवून १००० अंशांवर भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ९.१ भरली तर आकसणं ९ टक्के. खालची मापं त्याच हिशेबाने, ओल्या मातीची दिली आहेत. भाजल्यावर चूल साधारण साडेबावीस सेंमी लांब, १६ रुंद आणि ९ उंच होईल. तुमची माती वेगळं आकसत असेल तर मापं त्या प्रमाणात बदला.

कापायचे तुकडे

वरून पाहिलं तर ही चूल घोड्याच्या नालासारखी दिसते. पुढची बाजू सरळ, मागची गोल. पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्या: रुंदी १७.५ सेंमी, लांबी २४ सेंमी, मागे ८.७५ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ. हा झाला वरचा पत्रा.

बाजूच्या आणि मागच्या भिंतीसाठी ९ सेंमी रुंद पट्टी लागते. तिची लांबी म्हणजे दोन्ही सरळ बाजू (१५.२५ + १५.२५) आणि मागची गोलाई (२७.५), एकूण ५८ सेंमी. एवढी लांब पट्टी उचलताना ताणली जाते, म्हणून तिशी-तिशीच्या दोन कापा आणि सांधा मागे मधोमध घ्या. पुढची भिंत १७.५ × १४ सेंमी. तिचा वरचा ४ सेंमीचा भाग पत्र्याच्या वर उभा राहतो. हान चुलींना पुढे असा आडोसा असतो, कधी पायऱ्यापायऱ्यांचा. या भिंतीत खालून ५ रुंद आणि ४.५ उंच सरपणाचं तोंड कापायचं.

पत्र्यावर पुढे ६ सेंमी व्यासाचं मोठं भोक. त्याच्या मागे ३.५ सेंमीची दोन लहान, शेजारी-शेजारी. सगळ्यात मागे दीड सेंमीचं धुराड्याचं. आपल्या चुलीचा वैल बाजूला असतो, इथे तसं नाही. जाळ पुढून आत शिरतो, भांड्यांखालून मागे जातो आणि धुराड्यातून निघतो. मूळ बनवणाऱ्यांनी ही रचना खऱ्या चुलीवरूनच उचलली होती. म्हणून भोकं मनाला येईल तिथे पाडू नका. दोन भोकांत आणि भोक ते कडा यांत निदान २ सेंमी अंतर हवं, नाहीतर नेमकी तिथेच भेग जाते.

माती लाटायला दोन्ही बाजूंना ८ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून मधे माती, खाली मांजरपाट आणि वर लाटण्याऐवजी जाड पीव्हीसी पाइप. एका दिशेने लाटून झालं की पत्रा उलटा करून आडवं लाटा. लाटलेला पत्रा कडेला धरून उचलू नका. कापडासकट फळीवर सरकवा. उचलताना पत्रा वाकला आणि नंतर सपाट केला तरी ते वाकणं मातीत राहतं आणि भट्टीत परत वर येतं.

उभारणी

लाटलेले तुकडे वर्तमानपत्रांच्या मधे घालून थोडे टणक होऊ द्या. जानेवारीत चार ते सहा तास, पावसाळ्यात एक पूर्ण दिवस. बोट दाबलं तर ठसा उमटू नये, पण नख सहज रुतावं, या अवस्थेत जोडकाम करायचं. त्याआधी केलं तर भिंती ढासळतात, त्यानंतर केलं तर सांधे धरत नाहीत. वाकवायची मागची पट्टी मात्र थोडी लवकर घ्या. ती टणक झाल्यावर वाकवली तर बाहेरच्या अंगाला बारीक चिरा दिसतील.

पुठ्ठ्याचा नमुना फळीवर ठेवून त्याच्या कडेने पट्ट्या उभ्या करा. सांध्याच्या दोन्ही कडा काट्याने आडव्या-उभ्या खरवडा. त्याच मातीचा दह्याएवढा दाट घोळ करून, त्यात चार थेंब व्हिनेगर टाकून लावा आणि दाबा. मग आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढी जाड मातीची वळी घालून बोटाने सारवून घ्या. आतली वळी टाळू नका. चुलीचे तडे दहातले आठ या आतल्या कोपऱ्यातूनच सुरू होतात. पुढची भिंत या नालाच्या तोंडावर बाहेरून लावायची.

पत्रा शेवटी बसवा. मधोमध तो खाली लवू नये म्हणून आत वर्तमानपत्राचे सैल बोळे भरून आधार द्या. ते भट्टीत जळून जातात, पण दुसऱ्या दिवशी माती टणक झाल्यावर काढलेले बरे. बूड नसल्यामुळे सुकताना खालच्या कडा फाकतात. त्यावर उपाय सोपा. त्याच मातीची बोटभर जाड पट्टी खालच्या बाजूला एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत आडवी जोडून ठेवा आणि माती पूर्ण सुकण्याच्या थोडं आधी तारेने कापून काढा. लाकडाची काडी वापरू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, मग भिंत फाटते.

धुराडं म्हणजे ४ सेंमी उंचीची नळी. ती पेन्सिलीभोवती गुंडाळून करा आणि पेन्सिल लगेच काढून घ्या.

पत्र्यावरची नक्षी

ही चुलीची खरी गंमत. मूळ चुलींच्या वरच्या पत्र्यावर स्वयंपाकघर उमटवलेलं असतं: मासा, कासव, पळी, सुरी, मांस अडकवायचा आकडा. भांड्याच्या दोन बाजूंना दोन मासे, भोकांच्या मधल्या जागेत पळी, अशी दाटीवाटीने मांडणी असते.

यासाठी साचा करा. मूळ साचे भाजलेल्या मातीचे असत आणि तसे करणं सगळ्यात स्वस्त. दीड सेंमी जाड पट्टीत ५ सेंमी लांब मासा ३ मिमी खोल उलटा कोरायचा, खवले काडीच्या टोकाने टोचायचे, सुकवून ८०० अंशांवर भाजायचा. खाचेच्या बाजू आतून बाहेर किंचित उतरत्या ठेवा, सरळ उभ्या कोरल्या तर मासा अडकतो. एक हिशेब लक्षात असू द्या. साचा स्वतः आकसलेला असतो आणि त्यातून निघालेला मासा पुन्हा आकसतो, म्हणजे ५ सेंमीचा कोरलेला मासा शेवटी ४.१ सेंमीच्या आसपास राहतो.

घाई असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करा. १०० ग्रॅम प्लास्टरला ७० ग्रॅम पाणी. प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. गणपतीच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, पण तिथे वापरलेलं रबरी साच्याचं तंत्र इथे चालत नाही. रबर पाणी शोषत नाही, माती साच्याला चिकटून राहते. प्लास्टरचा साचा आठवडाभर सावलीत वाळवा. साच्याचा एकही कण मातीत जाऊ देऊ नका, तोही चुनखड्यासारखा टवका उडवतो.

साच्यात चाळलेली राख भुरभुरवा, मऊ माती अंगठ्याने कोपऱ्यापर्यंत दाबा, वरचं जास्तीचं तारेने कापा. मासा बाहेर काढायला मातीचाच एक ओलसर गोळा त्याच्या पाठीवर टेकवून उचला. चिकटवताना मागची बाजू आणि पत्रा दोन्ही खरवडून घोळ लावायचा आणि मधून कडेकडे दाबत जायचं, आत हवेचा फुगा राहू द्यायचा नाही.

भांडी दोन करा. मोठ्या भोकावर बसणारी साडेसात सेंमी व्यासाची गोलबुडी हंडी आणि तिच्यावर वाफेचं भांडं, ज्याच्या बुडाला सात-आठ भोकं. चाकावर करा किंवा चिमटीने, पण त्याच मातीची आणि त्याच दिवशी. वेगळ्या दिवसाच्या मातीत ओल वेगळी असते आणि भांडं भोकात सैल बसतं किंवा बसतच नाही.

सुकवणं

बेळगावात आणि खानापुरात हवा थंड असली तरी फसवी असते. हिवाळ्यात सकाळी धुकं, दुपारी कोरडा वारा. उघड्यावर ठेवलेल्या चुलीचा आडोसा आणि धुराडं दोन तासांत पांढरं पडतं आणि भिंती ओल्या राहतात. पहिले तीन दिवस पूर्ण चूल प्लास्टिकच्या कागदात. पुढचे चार दिवस कागद सैल, पण आडोशावर आणि धुराड्यावर ओलं फडकं. मग उघडी, पण सावलीत. फळीवर वर्तमानपत्र किंवा बारीक राख पसरून त्यावर चूल ठेवा, म्हणजे आकसताना ती सरकू शकते. चूल फळीला चिकटली की खालच्या कडेला उभी भेग ठरलेली.

थंडीत दहा-बारा दिवस लागतात. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पावसात तीन आठवडेही पुरत नाहीत, त्या दिवसांत हे काम न काढणंच बरं. सुकली का हे बघायला गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन दिवस वजन करा. सलग दोन दिवस वजन सारखंच भरलं की चूल भाजायला तयार.

पहिली भाजणी

विजेच्या भट्टीत वेग असा ठेवा: १२० अंशांपर्यंत तासाला ५०, तिथे ३ तास थांबा, दार किंवा झडप किंचित उघडी ठेवून. मग ६०० पर्यंत तासाला ८०. मग १००० पर्यंत तासाला १५०, तिथे २० मिनिटं. सगळं मिळून चौदा तास. १०० अंशांजवळ उरलेल्या पाण्याची वाफ होते. वाट मिळाली नाही तर भिंत फुटते आणि तिचे तुकडे शेजारच्या भांड्यांतही जातात. ४५० ते ६०० मधे मातीच्या रचनेत बांधलेलं पाणी निघतं, तिथेही घाई नको. भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका.

भट्टीची सोय नसेल तर चौकशी खानापुरातून सुरू करावी. तिथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे.

आव्यावर भाजायचं असेल तर चूल आतून भाताच्या काडाने सैल भरा, भोवती खापऱ्या लावा म्हणजे शेणी थेट टेकणार नाहीत. बाहेरून तीन-चार तास नुसती धग द्या, मग शेणी आणि काड रचून वर चिखलाचा थर. दुसऱ्या दिवशीच उघडा. आव्यात उष्णता ७०० ते ८५० च्या आसपास जाते. रंगकामाला ती पुरते, ग्लेझला नाही. धूर कोंडला तर चूल लालऐवजी करडी-काळी होते. त्यात बिघडलं असं काही नाही, हान काळातली बरीच रंगवलेली भांडी अशीच करडी आहेत, मुद्दाम धूर कोंडून भाजलेली. अर्धी लाल, अर्धी करडी निघाली तर मात्र वाईट दिसते.

हिरवा ग्लेझ

मूळ हिरवा रंग शिशाच्या काचेचा. वजनाने निम्म्याहून जास्त शिशाचा ऑक्साइड, बाकी मुख्यतः सिलिका आणि रंगासाठी दोनेक टक्के तांबं. लोह घातलं तर तपकिरी-मधाळ. शिसं कमी उष्णतेला वितळतं आणि लाल मातीवर खोल, पानासारखा हिरवा देतं, म्हणून ते वापरात आलं. थडग्यातल्या वस्तूतून कुणी खाणार-पिणार नव्हतं, त्यामुळे विषाची अडचण तिथे आली नाही. बनवणाऱ्या कारागिरांना मात्र आली असणार.

तुम्ही शिसं वापरू नका. मुरदाडशिंग नको आणि जुन्या पद्धतीचा शेंदूरही नको, दोन्ही शिशाचेच ऑक्साइड असतात. कोरडी पूड श्वासातून जाते आणि भट्टीत तिची वाफ होते. त्याऐवजी सिरॅमिकच्या कच्च्या मालाच्या दुकानात मिळणारं शिसंविरहित पारदर्शक बोरॅक्स फ्रिट (आधीच वितळवून दळलेल्या काचेची पूड) घ्या.

पाचशे ग्रॅम कोरडं मिश्रण: फ्रिट ४४० ग्रॅम, चायना क्ले ६० ग्रॅम. त्यावर कॉपर कार्बोनेट १५ ग्रॅम आणि लाल आयर्न ऑक्साइड ५ ग्रॅम. लोह एवढ्यासाठी की नुसतं तांबं अशा फ्रिटमध्ये निळसर झाक देतं आणि चूल पोहण्याच्या तलावासारखी दिसते. पाणी ४०० मिलीपासून सुरू करा, ८० नंबरच्या जाळीतून दोनदा गाळा, साईएवढं दाट ठेवा. मिसळताना तोंडावर मास्क हवाच.

भाजलेली चूल ओल्या स्पंजने पुसा. धूळ किंवा बोटांचं तेल राहिलं तर ग्लेझ भट्टीत आक्रसून गोळा होतो आणि माती उघडी पडते. रुंद ब्रशने तीन हात, प्रत्येक हात आधीच्या आडवा, एकूण जाडी मिलिमीटरच्या आत. माशांच्या खवल्यांत ग्लेझ भरून राहू देऊ नका, थोडा पुसून घ्या. उंचवट्यावर पातळ आणि खाचेत दाट झाला की नक्षी आपोआप उठून दिसते. खालचा १ सेंमी कोरा ठेवायचा. हंडी आणि भोकाची कड जिथे एकमेकांना टेकते तिथे दोन्हीकडे अर्धा सेंमी कोरं, नाहीतर दोन्ही कायमची चिकटतात. भांडी भट्टीत वेगळीच ठेवलेली उत्तम.

दुसरी भाजणी: ६०० पर्यंत तासाला १००, मग १०४० पर्यंत १५०, तिथे १५ मिनिटं. फ्रिटफ्रिटमध्ये फरक असतो, म्हणून आधी त्याच मातीच्या उभ्या तीन पट्ट्या १०००, १०२० आणि १०४० वर भाजून बघा. उभ्याच का, तर ओघळ किती येतो ते आडव्या पट्टीवर कळत नाही. खरखरीत आणि निस्तेज आला तर उष्णता कमी पडली. खाली ओघळून थेंब झाला तर जास्त झाली किंवा थर जाड. सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली तर पहिली भाजणी घाईत झाली आणि मातीतली हवा आता बाहेर पडते आहे. हिरव्याऐवजी काळपट आला तर भट्टीत धूर किंवा जळणारं काही होतं, तांब्याला मोकळी हवा लागते.

मूळ भांड्यांपैकी काहींच्या काठावर ग्लेझचे थेंब दिसतात. ती उलटी ठेवून भाजली होती, त्याचं ते चिन्ह. जुन्या हिरव्यावर चंदेरी मुलामा असतो तो शेकडो वर्षं ओल्या मातीत राहून ग्लेझचा पृष्ठभाग थराथराने झिजल्याचा. स्प्रेने त्याची नक्कल करू नका. उलट पहिल्या भाजणीच्या आधी आतल्या भिंतीवर साल आणि आपली खूण ठळक कोरा. चिनी थडग्यातल्या वस्तूंच्या बनावटीचा धंदा मोठा आहे आणि तुमची चूल उद्या कुणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही. या चुलीतल्या भांड्यांत खायचं काही ठेवू नये हेही घरच्यांना सांगा, एवढ्या कमी उष्णतेच्या ग्लेझमधलं तांबं आंबट पदार्थात उतरतं.

रंगकाम

आव्यावर भाजलेल्या चुलीला आधी पांढरं अस्तर. बाभळीचा डिंक १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा आणि त्यात ६० ग्रॅम चायना क्ले कालवा. दोन पातळ हात. बोटाला पांढरं लागलं तर डिंक कमी. पापुद्रे सुटले तर डिंक जास्त किंवा थर जाड. १९७४ मध्ये शिआनजवळ सापडलेल्या छिन सम्राटाच्या मातीच्या सैनिकांवर रंगाखाली लाखेसारख्या वृक्षरसाचं अस्तर होतं. उकरल्यावर हवा लागताच ते काही मिनिटांत आक्रसून रंगासकट निघू लागलं. ताणलेलं अस्तर मातीला धरून राहत नाही, हे तिथेही खरं होतं.

मूळ रंगांत लाल हिंगुळाचा असे. हिंगुळात पारा असतो, तो नको, गेरू घ्या. काळ्याला काजळी, पिवळ्याला पिवळी माती, हिरव्याला क्रोम ऑक्साइड. हे सगळे त्याच डिंकाच्या पाण्यात कालवायचे. पत्र्यावर लाल आणि काळ्या रेघा, भोकांभोवती कडी, आडोशावर वेलबुट्टी एवढं पुरे.

चुलीशेजारी स्वयंपाकीण उभी करायची असेल तर २५ सेंमीची मूर्ती पुढची-मागची अशा दोन साच्यांत, भिंत ६-७ मिमी, खालून उघडी, डोकं वेगळं करून मानेच्या खाचेत. हान सम्राट जिंगच्या (मृत्यू इ.स.पू. १४१) यांगलिंग थडग्यातल्या मूर्तींना लाकडी हात आणि खरे कपडे होते. दोन्ही कुजून गेले आणि आता त्या उघड्या, बिनहाताच्या दिसतात. तसे हात बसवायचे तर खांद्यातून आरपार ८ मिमीचं भोक ओल्या मातीतच पाडा. भाजल्यावर ते ७.३ मिमीच्या आसपास राहतं, काडी त्या मापाची तासा.

डिंकाच्या रंगावर पावसाळ्यात बुरशी येते. डिंकाच्या पाण्यात सुरुवातीलाच लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाका आणि चूल बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. तरीही ठिपके आलेच तर ओल्या फडक्याने पुसू नका, अस्तर निघेल. ऊन पडल्यावर चूल दोन दिवस खिडकीत ठेवा आणि कोरड्या, मऊ ब्रशने झाडून घ्या.